'टू' नंतर मूळ रूप की 'इंग'? जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांच्या वापराविषयी शंका

प्रश्न

नमस्कार. इंग्रजी लिहिताना एका क्रियापदापाठोपाठ दुसरे क्रियापद आले की त्याचे 'इंग' लावलेले रूप घ्यावे की 'टू' लावलेले, असा प्रश्न मला वारंवार पडतो. पहिल्या रूपाला जेरंड आणि दुसऱ्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि जेरंड हे क्रियापदापासून तयार झालेले नाम असते, एवढी व्याख्या मला ठाऊक आहे. परंतु केवळ व्याख्येवरून निवड करता येत नाही, कारण इन्फिनिटिव्हही वाक्यात नामाच्या जागी बसते. 'स्विमिंग इज ईझी' हे जसे वाक्य आहे, तसेच 'टू फर्गिव्ह इज डिफिकल्ट' हेही आहे.

माझ्या मुख्य शंका तीन आहेत. 'आय एन्जॉय रीडिंग' बरोबर आणि 'आय एन्जॉय टू रीड' चूक, पण 'आय लाइक रीडिंग' आणि 'आय लाइक टू रीड' ही दोन्ही बरोबर, असे का? मराठीत तर तिन्ही ठिकाणी आपण 'मला वाचायला आवडते' असेच म्हणतो. दुसरे असे की, 'टू' नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते हे शाळेपासून शिकवले जाते, मग 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' येथे 'मीटिंग' कसे काय चालते? आणि तिसरी शंका 'स्टॉप', 'रिमेंबर', 'ट्राय' यांसारख्या क्रियापदांविषयी आहे. त्यांच्यानंतर दोन्ही रूपे येतात, मात्र अर्थ बदलतो, असे सांगितले जाते. तो कोणत्या तत्त्वाने बदलतो हे कोणी समजावून सांगेल का? क्रियापदांच्या याद्या माझ्याकडे भरपूर आहेत, पण त्या पाठ होतात आणि लिहायच्या वेळी आठवत नाहीत. त्यामुळे यादीपेक्षा कारण सांगितल्यास अधिक उपयोग होईल.

प्रतिसाद १

आपली दुसरी शंका सर्वांत सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. आजच्या इंग्रजीत 'टू' दोन कामे करतो. एक 'टू' केवळ इन्फिनिटिव्हची खूण आहे आणि त्याच्यानंतर मूळ रूप येते. दुसरा 'टू' म्हणजे 'इन', 'ऑन', 'ऑफ', 'फॉर' यांच्या पंगतीत बसणारे प्रिपोझिशन आहे. प्रिपोझिशननंतर नाम लागते, आणि तेथे क्रियापद आणायचेच असेल तर त्याला 'इंग' लावून नामासारखे करून घ्यावे लागते. समोरचा 'टू' कोणता आहे हे ओळखायचे असेल, तर क्रियापद काढून त्या जागी 'इट' किंवा एखादे साधे नाम ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' हे वाक्य पूर्ण लागते, म्हणून तेथे 'मीटिंग'. 'आय वाँट टू इट' हे वाक्यच होत नाही, म्हणून तेथे 'मीट'. 'ऑब्जेक्ट टू', 'बी ॲकस्टम्ड टू', 'इन ॲडिशन टू', 'विथ अ व्ह्यू टू' हे सारे याच कसोटीवर प्रिपोझिशन ठरतात आणि पुढे 'इंग' मागतात.

याच संदर्भात 'यूज्ड टू' ची जोडी नीट समजून घ्यावी, कारण अर्जांत आणि पत्रांत सर्वाधिक घोटाळा तेथेच दिसतो. 'आय यूज्ड टू लिव्ह अलोन' म्हणजे मी पूर्वी एकटा राहत असे, आता राहत नाही. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन' म्हणजे मला एकटे राहण्याची सवय आहे. मागे 'ॲम', 'इज', 'वॉज' किंवा 'गेट' असेल तर तो 'टू' प्रिपोझिशन असतो आणि नसेल तर तो इन्फिनिटिव्हचा असतो. फक्त 'अ नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड' यासारखे वाक्य बाजूला ठेवावे, कारण तेथे 'यूज्ड' चा अर्थ 'वापरला जातो' असा साधा कर्मणी आहे.

प्रिपोझिशननंतर 'इंग' या नियमाला 'बट' आणि 'एक्सेप्ट' एवढाच लक्षात ठेवण्याजोगा अपवाद आहे. 'ही हॅड नो चॉइस बट टू रिझाइन' असे लिहितात आणि मागे 'डू' असेल तर 'टू' देखील गळतो: 'शी डिड नथिंग बट कम्प्लेन'.

आता तिसऱ्या शंकेकडे वळतो. येथे मला सर्वांना एक सुचवायचे आहे. मराठीत हा भेद नाहीच, असे गृहीत धरून आपण इंग्रजी व्याकरण वाचतो. शब्दकोशात 'टू ओपन' समोरही 'उघडणे' आणि 'ओपनिंग' समोरही 'उघडणे' दिसले की दोन्ही रूपे एकच वाटू लागतात. प्रत्यक्षात मराठी वाक्य पूर्ण बोलून पाहिले, तर भेद आपल्या जिभेवर आधीपासूनच असतो. 'मी पत्र टाकायला विसरलो' आणि 'मी पत्र टाकल्याचे विसरलो' या दोन वाक्यांत कोणीही मराठी माणूस गल्लत करणार नाही. पहिल्यात पत्र अजून खिशातच आहे, दुसऱ्यात ते गेले आहे. इंग्रजीत पहिले 'आय फर्गॉट टू पोस्ट द लेटर' आणि दुसरे 'आय फर्गॉट पोस्टिंग द लेटर'. या दुसऱ्या प्रकारचा वापर तसा कमीच होतो. 'आय विल नेव्हर फर्गेट सीइंग द सी' अशा नकारार्थी वाक्यांत तो अधिक आढळतो.

'रिमेंबर' चेही तसेच आहे. 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे दार लावायची आठवण ठेव, आणि 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे दार लावल्याचे मला आठवते. 'स्टॉप' साठी तर मराठीत जवळजवळ तंतोतंत जोडी आहे. 'तो बोलायचा थांबला' म्हणजे 'ही स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'तो बोलायला थांबला' म्हणजे 'ही स्टॉप्ड टू टॉक'. 'चा' आणि 'ला' एवढाच फरक, पण एकात बोलणे संपते आणि दुसऱ्यात सुरू होते. दुसऱ्या वाक्यातील 'टू टॉक' हा खरे पाहता 'स्टॉप' चे कर्म नाहीच. तो थांबण्याचा हेतू सांगतो. कशासाठी थांबला, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

'ट्राय' विषयी मात्र पुस्तकी स्पष्टीकरणापेक्षा मराठीच अधिक नेमके बोलते, असे माझे मत आहे. 'आय ट्राइड टू ओपन द विंडो' म्हणजे मी खिडकी उघडण्याचा प्रयत्न केला. ती घट्ट बसलेली असेल आणि उघडली नसेलही. 'आय ट्राइड ओपनिंग द विंडो' म्हणजे मी खिडकी उघडून पाहिली. येथे खिडकी उघडली हे निश्चित आहे, त्याने उकाडा कमी झाला की नाही एवढेच पाहायचे होते. 'करण्याचा प्रयत्न करणे' असेल तेथे 'टू' आणि 'करून पाहणे' असेल तेथे 'इंग', एवढे लक्षात ठेवले की 'ट्राय' चा प्रश्न उरत नाही.

'रिग्रेट' मध्येही मराठी वाट दाखवते. नकाराच्या पत्रांत 'आपणांस कळविण्यास खेद वाटतो' असे लिहितात, ते 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. 'त्याला सांगितल्याचा मला पश्चात्ताप होतो' हे 'आय रिग्रेट टेलिंग हिम'. 'गो ऑन' मध्ये 'शी वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे ती बोलतच राहिली, तर 'शी वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी' म्हणजे आधीचा विषय संपवून पुढे ती पैशांविषयी बोलली. आणि 'मीन' मध्ये 'टू' आला की हेतू, 'इंग' आले की परिणाम: 'आय डिडन्ट मीन टू हर्ट यू', पण 'टेकिंग धिस जॉब मीन्स लीव्हिंग होम'.

तत्त्व विचारलेत, तर ते या साऱ्या जोड्यांतून दिसतेच. 'टू' चे रूप अजून व्हायच्या गोष्टीकडे बोट दाखवते आणि 'इंग' चे रूप झालेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला हात लावते. मराठीत त्या जागी 'ल्याचे', 'ल्याचा', 'त राहणे', 'ऊन पाहणे' असे काही आले की 'इंग', आणि 'ायला' किंवा 'ण्यास' आले की बहुधा 'टू'. हे 'बहुधा' मी मुद्दाम लिहिले आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील जोड्या उत्तम आहेत आणि 'बहुधा' हा शब्द त्याहून उत्तम आहे, कारण आपली पहिली शंका नेमकी तेथेच येऊन अडते. 'मला वाचायला आवडते' यातील 'वाचायला' पाहून 'एन्जॉय टू रीड' लिहिले, तर ते चूकच ठरेल.

'टू' म्हणजे पुढचे आणि 'इंग' म्हणजे झालेले, हा विचार निराधार नाही. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असाच भेद मांडला होता. 'टू' चे रूप संभाव्य किंवा कल्पिलेली गोष्ट दाखवते आणि 'इंग' चे रूप प्रत्यक्षात असलेली गोष्ट दाखवते, असे त्याचे म्हणणे होते. इतिहासातही याला आधार सापडतो. प्राचीन इंग्रजीत हा 'टू' मुळात दिशा दाखवणारे प्रिपोझिशनच होता. क्रियेकडे, क्रियेच्या रोखाने, असा त्याचा अर्थ होता, आणि पुढे शतकानुशतके वापरात झिजत तो निव्वळ खूण बनला. 'इंग' हा प्रत्यय क्रियापदापासून नामे बनवण्यासाठी होता. म्हणून 'वाँट', 'होप', 'प्लॅन', 'डिसाइड', 'प्रॉमिस', 'रिफ्यूज' ही पुढे पाहणारी क्रियापदे 'टू' घेतात आणि 'एन्जॉय', 'फिनिश', 'ॲडमिट', 'डिनाय', 'मिस' ही हाती असलेल्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीविषयीची क्रियापदे 'इंग' घेतात. एन्जॉय करायला ती गोष्ट समोर असावी लागते.

परंतु याला नियम समजून त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. 'पोस्टपोन', 'कन्सिडर', 'सजेस्ट', 'रिस्क' आणि 'अव्हॉइड' ही सारी न घडलेल्या गोष्टींविषयी आहेत आणि तरीही 'इंग' घेतात. उलट 'आय मॅनेज्ड टू फिनिश' यात काम पूर्ण झालेले आहे, तरी 'टू' येतो. अर्थाने निवड ठरत नाही, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा समानार्थी शब्दच देतात. 'शी मॅनेज्ड टू पास' आणि 'शी सक्सीडेड इन पासिंग' यांचा अर्थ एकच आहे. 'ही इज एबल टू लीड' आणि 'ही इज केपेबल ऑफ लीडिंग' यांतही विशेष अंतर नाही. रूप मात्र वेगळे आहे, कारण 'मॅनेज' ला एक सोबती आहे आणि 'सक्सीड' ला दुसरा. मागचा शब्द रूप ठरवतो, मागचा विचार नव्हे.

क्रियापदाचे नाम झाले म्हणून सोबती टिकतोच असेही नाही. 'डिसाइड टू गो' वरून 'डिसिजन टू गो' आणि 'रिफ्यूज टू पे' वरून 'रिफ्यूजल टू पे' सरळ होते. पण 'होप टू विन' चे 'होप ऑफ विनिंग' होते आणि 'आय इंटेंड टू गो' चे 'आय हॅव नो इंटेन्शन ऑफ गोइंग'. येथे कारण शोधत बसणे व्यर्थ आहे.

यादी आठवत नाही असे आपण लिहिले आहे. ती आठवणारच नाही, कारण यादीत शब्द सुटे असतात. 'अव्हॉइड' असा शब्द पाठ न करता 'अव्हॉइड मेकिंग मिस्टेक्स' असा तुकडा पाठ करावा. 'अफोर्ड' नव्हे, 'कान्ट अफोर्ड टू वेट'. 'वर्थ रीडिंग', 'बिझी रायटिंग', 'नो यूज क्राइंग', 'कुडन्ट हेल्प लाफिंग', 'हॅव डिफिकल्टी ब्रीदिंग' हेही असेच अख्खे गिळायचे तुकडे आहेत. चांगल्या शिक्षणोपयोगी इंग्रजी शब्दकोशात प्रत्येक क्रियापदापुढे ते पुढे काय घेते हे दिलेले असते. अर्थ पाहून कोश मिटण्याआधी ती ओळही पाहावी.

'लाइक' विषयी थोडेसे. 'आय लाइक रीडिंग' मध्ये वाचनाचा आनंद आहे. 'आय लाइक टू रीड द कॉन्ट्रॅक्ट बिफोर आय साइन' मध्ये आनंदाचा प्रश्न नाही, तसे करणे मला योग्य वाटते एवढेच आहे. सर्वसाधारण वाक्यांत हा फरक पुसट होतो आणि दोन्ही चालतात. पण 'वुड लाइक' नंतर मात्र नेहमी 'टू'. 'स्टार्ट' आणि 'बिगिन' नंतरही दोन्ही चालतात, फक्त पहिल्याला आधीच 'इंग' लागले असेल तर दुसऱ्याला पुन्हा लावत नाहीत: 'इट इज बिगिनिंग टू रेन'.

प्रश्नकर्तीचा प्रतिप्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'करून पाहणे' आणि 'करण्याचा प्रयत्न करणे' हा भेद आता विसरणार नाही. याच विषयातील आणखी थोडे विचारते. मध्ये एखादी व्यक्ती आली की काय होते? 'ही सजेस्टेड मी टू सी अ डॉक्टर' हे वाक्य चूक आहे असे वाचले, पण 'ही ॲडव्हाइज्ड मी टू सी अ डॉक्टर' बरोबर आहे म्हणे. तसेच 'दे मेड मी वेट' मध्ये 'टू' नाही, पण 'आय वॉज मेड टू वेट' मध्ये तो आहे. आणि 'मी उशिरा येणे' यासाठी 'मी कमिंग लेट' लिहावे की 'माय कमिंग लेट'?

प्रतिसाद ३

'ॲडव्हाइज', 'अलाऊ', 'परमिट', 'रेकमेंड' या गटाची रीत अशी आहे की व्यक्ती सांगितली तर 'टू' आणि सांगितली नाही तर 'इंग'. 'शी ॲडव्हाइज्ड मी टू रेस्ट', पण 'शी ॲडव्हाइज्ड रेस्टिंग'. 'दे डोन्ट अलाऊ अस टू पार्क हिअर', पण 'दे डोन्ट अलाऊ पार्किंग हिअर'. या गटात 'सजेस्ट' बसत नाही, कारण त्याला व्यक्ती कर्म म्हणून चालतच नाही. मराठीत 'त्याने मला सुचवले' हे सहज म्हटले जाते, त्यामुळे 'सजेस्टेड मी' ओठांवर येते. इंग्रजीत मात्र सुचवली जाते ती कल्पना. म्हणून 'ही सजेस्टेड सीइंग अ डॉक्टर' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय सी अ डॉक्टर' असे लिहावे. पहिल्या वाक्यात डॉक्टरकडे नेमके कोणी जायचे हे मोघम राहते. ते स्पष्ट करायचे असेल तर दुसरे वाक्य अधिक बरे.

'वाँट' उलट टोकाला आहे. 'आय वाँट दॅट ही कम्स' असे इंग्रजीत लिहीत नाहीत. 'आय वाँट हिम टू कम' हाच सरळ मार्ग आहे. 'एक्स्पेक्ट', 'आस्क', 'टेल', 'फोर्स', 'एनेबल' यांच्यानंतरही व्यक्ती आणि मग 'टू' येतो.

'मेक' आणि 'लेट' यांच्यानंतर व्यक्ती आणि मग 'टू' नसलेले मूळ रूप येते. कर्मणी प्रयोगात 'मेक' ला 'टू' परत मिळतो, हे आपले निरीक्षण अचूक आहे. 'लेट' कर्मणीत सहसा वापरत नाहीत, त्याऐवजी 'आय वॉज अलाउड टू गो' असे म्हणतात. 'हेल्प' नंतर 'टू' ठेवला काय आणि गाळला काय, दोन्ही मान्य आहे.

'सी' आणि 'हिअर' यांच्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण तेथे दोन्ही रूपे येतात आणि फरक बारीक आहे. 'आय सॉ हर क्रॉस द रोड' मध्ये मी तिला या कडेपासून त्या कडेपर्यंत जाताना पूर्ण पाहिले. 'आय सॉ हर क्रॉसिंग द रोड' मध्ये मी पाहिले तेव्हा ती रस्त्याच्या मध्ये कोठेतरी होती. पुढे ती पलीकडे पोचली की मागे वळली, याची हमी हे वाक्य देत नाही. साक्ष किंवा अहवाल लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. या 'क्रॉसिंग' ला परंपरेने जेरंड न म्हणता पार्टिसिपल म्हणतात. हे दोन प्रकार मुळात वेगळ्या प्रत्ययांचे होते आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्यांचे रूप एकच झाले, म्हणून आजचे काही व्याकरणकार दोहोंना एकाच नावाखाली घेतात. लिहिणाऱ्याने या वादात पडण्याचे कारण नाही.

'मी' की 'माय' या प्रश्नाचे उत्तर अधिक अनुभवी कोणी द्यावे.

प्रतिसाद ४

अनुभवाचा दावा नाही, पण उत्तर देतो. 'डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो' आणि 'डू यू माइंड मी ओपनिंग द विंडो' ही दोन्ही वाक्ये आज प्रचलित आहेत. पहिले औपचारिक आहे, दुसरे बोलण्यात अधिक आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने दुसऱ्या प्रकारावर कडाडून टीका केली होती आणि त्या धाकामुळे अनेक जुन्या पाठ्यपुस्तकांत केवळ षष्ठीचे रूपच ग्राह्य धरलेले दिसते. तेवढी कडक भूमिका आता फारसे कोणी घेत नाही.

माझ्या मते व्यवहारात असे करावे. औपचारिक पत्रात सर्वनाम असेल तर 'माय', 'युवर', 'हिज' वापरावे, विशेषतः ते वाक्याच्या आरंभी कर्त्याच्या जागी असेल तेव्हा: 'माय कमिंग लेट अपसेट एव्हरीवन'. 'सी', 'हिअर' आणि 'फाइंड' यांच्यानंतर मात्र षष्ठी कधीही वापरू नये. 'आय सॉ हिज क्रॉसिंग द रोड' असे अतिशुद्ध लिहिण्याच्या नादात वाक्य बिघडते, तेथे 'हिम' च हवे. आणि व्यक्तीऐवजी निर्जीव वस्तू किंवा लांबलचक नामसमूह असेल, तर षष्ठीचा आग्रह सोडून द्यावा. 'देअर इज नो चान्स ऑफ द ट्रेन अरायव्हिंग ऑन टाइम' हे वाक्य 'द ट्रेन्स' न करता जसेच्या तसे लिहिणे योग्य.